शॅडो ऑफ द कोलोसस: तिसऱ्यावर अडकलोय, आणि मारून झाल्यावर इतकं वाईट का वाटतं?

रानवाटा:
मंडळी, शॅडो ऑफ द कोलोससचा पीएस४ वाला रीमेक दिवाळीच्या सेलमध्ये घेऊन ठेवला होता, आता परीक्षा संपल्यावर लावलाय. आतेभावाने सांगितलं होतं की एकदा खेळच, बाकी काही विचारू नकोस. दोन कोलोसस, म्हणजे ती अवाढव्य धूडं, मारली. पहिला तो गदा घेतलेला, पायावरून चढून डोक्यावर गेलो. दुसरा चार पायांचा, तो पुढचे पाय उचलतो तेव्हा तळव्याला बाण मारला की गुडघ्यावर बसतो, ते कळायला वेळ लागला पण कळलं. आता तिसरा, तळ्याच्या मधोमध उंचावर झोपलेला, हातात तो दगडी खांबासारखा तलवारीचा प्रकार. वर पोचलो, तो उठला, आणि बास तिथून पुढे काही जमेना. तो तलवार जमिनीत खुपसतो तेव्हा मी तलवारीवर चढून पळत जातो पण मनगटाशी आलो की पुढे धरायला काहीच नाही, सगळा दगड, घसरून खाली. तलवारीचा उजेड पाडला तर डोक्यावर आणि पोटावर खूण दिसते पण तिथवर जायचं कसं?

यूट्यूबवर बघायचं नाहीये कारण तिथे लोक पुढचं सगळं दाखवून मोकळे होतात. कृपया तिसऱ्याच्या पुढचं काही सांगू नका, शेवट तर अजिबात नको.

अजून दोनतीन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे घोडा. अ‍ॅग्रो कधी ऐकतो कधी ऐकत नाही, झाडीत गेला की अडतो, मी डावीकडे म्हणतो तो भलतीकडे. कंट्रोलरची सेटिंग आहे का काही? दुसरं, नकाशा एवढा मोठा आणि त्यात काहीच नाही, ना गावं ना माणसं ना छोटे शत्रू, फक्त वारा आणि सरडे. मी काहीतरी चुकवतोय का, कुठे साइड मिशन वगैरे असतात का?

आणि तिसरं जरा विचित्र वाटेल. पहिला कोलोसस पडला तेव्हा मी खरंच टाळी वाजवायच्या तयारीत होतो, एवढं मोठं धूड पाडलं म्हणून, आणि ते म्युझिक सुरू झालं आणि मी गप्पच झालो. आई बाजूला भाजी निवडत बसली होती, ती म्हणाली अरे त्याने काय केलं होतं तुझं? उत्तर नव्हतं माझ्याकडे. दुसऱ्यालाही तसंच. बाकी कुठल्या गेममध्ये बॉस मारून असं होत नाही. तुम्हालाही झालं का असं?

जुना_कंट्रोलर:
आईंचा प्रश्न एकदम बरोबर आहे, त्यावर इतर लोक बोलतीलच, मी आधी तुला तिसऱ्यातून बाहेर काढतो.

तू तलवारीवरून चढतोयस ते बरोबरच आहे, फक्त त्याआधीची एक पायरी राहिलीये. त्याच्या तलवारीच्या हातावर मनगटाशी चिलखताचं कडं आहे, तेच तुला अडवतंय. ते फुटल्याशिवाय वर जाता येत नाही. ते तुला फोडता येत नाही, त्यालाच फोडायला लावायचं. त्या गोल मैदानाच्या मध्ये एक गोल चकती आहे, जमिनीपेक्षा वेगळी दिसते बघ. तिच्यावर जाऊन उभा राहा आणि त्याला तुझ्याकडे येऊ दे. घाई करू नको, तो हळू आहे, हात वर उचलायला त्याला वेळ लागतो. हात वर गेला की बाजूला पळ किंवा लोळण घे. वार चकतीवर बसला पाहिजे, तो बसला की हादऱ्याने कडं फुटून पडतं. मग पुन्हा एकदा त्याला जमिनीवर वार करायला लाव, तलवार खाली असताना तिच्यावरून पळत वर जा, आता मनगटाच्या जागी केस दिसतील, तिथे पकड. बाकी वाट केसांची आहे, खांद्यावरून डोकं, आणि पोटासाठी कमरेभोवती उभं राहायला जागा आहे तिथे उतरून दम घे.

दम घेण्यावरून सांगतो. तो गोल जो आकसत जातो ती पकडीची ताकद. नवीन लोक काय करतात तर पकडीचं बटण सोडतच नाहीत, सपाट जागेवर उभे असले तरी दाबून ठेवतात, मग ऐन वेळी ताकद संपते. सपाट जागा मिळाली आणि तो हलत नसेल तर बटण सोड, गोल लगेच भरतो. तो अंग झटकायला लागला की धर. झटकत असताना तलवार खुपसायचा प्रयत्न करू नको, थांब. आणि खुपसताना बटण पटपट दाबू नको, एकदा दाबून तलवार वर उचलली की पूर्ण ताणू दे मग दुसऱ्यांदा दाब, घाव खोल बसतो आणि कमी घावांत काम होतं.

सेव्ह करायची जी छोटी देवळं आहेत ना, तिथे चमकत्या पांढऱ्या शेपटीचे सरडे असतात. त्यांना बाण मारून शेपटी खाल्लीस की पकडीची ताकद वाढते. झाडावरची फळं खाल्लीस तर जीव वाढतो. तसंही प्रत्येक कोलोससनंतर दोन्ही थोडं वाढतंच, त्यामुळे सक्तीचं नाही, पण तुला भटकायला आवडत असेल तर कर.

घोड्याचं सेटिंग नाहीये कुठे. त्याला गाडी समजून स्टीअरिंग फिरवू नको एवढंच. तू दिशा सांगायची, पाय कुठे टाकायचा ते तो बघतो. अरुंद वाट आली, कड्याच्या कडेचा रस्ता आला, तर स्टिक सोडून दे आणि फक्त टाच मार, तो आपला आपण वळणं घेत जातो. हे मुद्दाम तसं केलेलं आहे, तो जिवंत प्राणी वाटावा म्हणून. घोड्यावरून बाण मारताना तुला कळेल याचा फायदा काय ते, तुझं लक्ष मागे आणि तो पुढे बघून धावतोय.

चौकट_त्रिकोण:
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. हा गेम मी पूर्ण केलाय, दोनदा, पीएस३ वर एकदा आणि पीएस४ वर एकदा, आणि मला तो मनापासून आवडतो, पण नवीन माणूस घोडा ऐकत नाही म्हणाला की आपण लगेच ते मुद्दाम आहे असं सांगून टाकतो ते मला पटत नाही. घोड्याचं ठीक आहे, ते समजू शकतो. कॅमेऱ्याचं काय? अंगावर चढलेलं असताना कॅमेरा केसांच्या आत घुसतो, आपण कुठे लटकलोय तेच दिसत नाही, वाँडर, म्हणजे आपला नायक, उडी मारतो ती भलत्याच कोनात. तिसऱ्याकडे जाताना त्या वळणाच्या उतारावरून पलीकडच्या कठड्याला उडी मारून लटकायचं असतं तिथेच कितीतरी लोकांनी गेम सोडलाय. त्याचा आणि दुःखाचा काही संबंध नाही, तो कच्चेपणा आहे.

आणि रिकामा नकाशा. पहिल्यांदा खेळताना भारी वाटतं हे मान्य. पण दुसऱ्यांदा खेळताना तीच दहा मिनिटांची रपेट, वाट बघायला तलवारीचा उजेड पाड, पुढे जा, परत उजेड पाड, सावलीत आलं की उजेड पडत नाही म्हणून मागे या. त्यात एखादं काहीतरी करायला असतं तर बिघडलं नसतं.

रानवाटा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाही, साइड मिशन नाहीत, १६ कोलोसस आणि तू, बास. कॅमेरा कोलोससवर धरून ठेवायचं बटण आहे ते लांबून बघताना वापर, अंगावर चढलास की सोडून दे आणि कॅमेरा स्वतः फिरव, पुष्कळ त्रास कमी होतो.

हाडं_आणि_सांधे:
मी पुण्यात एका स्टुडिओत अ‍ॅनिमेशन रिगिंग करते, म्हणजे पात्राच्या आतला सांगाडा बसवायचं काम, त्यामुळे या गेमबद्दल बोलायला लागले की थांबत नाही, आधीच सांगते.

चौकट_त्रिकोण, कॅमेऱ्याचं तुझं म्हणणं बरोबर आहे. पण त्याच्या मुळाशी काय आहे ते बघ. बहुतेक गेममध्ये जमीन वेगळी आणि शत्रू वेगळा. जमीन हलत नाही, शत्रू हलतो, आणि दोघांची गणितं वेगळी असतात. इथे शत्रू हीच जमीन. ज्याच्यावर तू उभा आहेस तो चालतोय, वाकतोय, त्याची कातडी सांध्यापाशी दुमडतीये, आणि तुझ्या पात्राचे पाय त्या हलत्या पृष्ठभागावर दर फ्रेमला नीट टेकवायचे, तो कलला की तोल सावरायचा, त्याने झटका दिला की हात धरलेला राहून बाकी शरीर चिंधीसारखं हेलकावायला हवं. हे सगळं २००५ साली, पीएस२ वर, ज्याची मुख्य मेमरी ३२ एमबी होती. आज आपल्या फोनमधला एक फोटोसुद्धा कधीकधी त्यातला बराच भाग खाऊन टाकेल. तेवढ्यात १६ धूडं, पूर्ण मोकळा प्रदेश, मध्ये लोडिंगचा पडदा नाही, वर अंगावर केस. ते केस पारदर्शक थरांवर थर रचून केलेले, खरे केस नव्हतेच. किंमत मोजली त्यांनी, पीएस२ वर फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, सपाटून पडायचा, आणि कॅमेऱ्याला एवढ्या मोठ्या हलत्या वस्तूच्या अंगालगत जागा सापडायची नाही. कच्चेपणा म्हण हवं तर, पण पुढेही फार थोड्या लोकांनी हे करायचं धाडस केलंय.

दुसरी गोष्ट वजनाची. रानवाटा, पहिल्या कोलोससचा पाय उचलल्यापासून टेकेपर्यंत किती वेळ जातो ते परत कधी खेळलास तर बघ. अ‍ॅनिमेशनमध्ये वजन दाखवायचं म्हणजे वेळ दाखवायचा. हलकी वस्तू पटकन दिशा बदलते, जड वस्तूला सुरुवात करायलाही वेळ आणि थांबायलाही वेळ. तो गदा उचलतो तेव्हा आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, गदा सगळ्यात शेवटी. फुमितो उएदा, म्हणजे या गेमचा दिग्दर्शक, हा मुळात ओसाकात कला शिकलेला माणूस, गेमच्या धंद्यात आला तो अ‍ॅनिमेटर म्हणून. त्याच्या आधीच्या इको या २००१ च्या गेममध्ये हालचाली मोशन कॅप्चरऐवजी, म्हणजे खऱ्या माणसाच्या हालचाली टिपण्याऐवजी, हाताने केलेल्या होत्या. तो हात इथेही दिसतो. वाँडर पळताना अडखळतो, तलवार त्याला पेलत नाही, ती चालवायची कशी हेच त्याला धड माहीत नाही असं वाटतं. कसलेला योद्धा नाहीच तो.

आणि सगळ्यात सुंदर म्हणजे काय कर म्हणून कुठे लिहून येत नाही. केस आहेत तिथे हात धरतो, दगड आहे तिथे पाय टेकतो, कडा आहे तिथे लटकता येतं. मी कॉलेजात असताना सह्याद्रीत क्लाइंबिंग करायचे, कातळाला हात घालायच्या आधी खाली उभं राहून वाट डोळ्यांनी वाचायची सवय लावतात, कुठे खाच, कुठे विसावा. कोलोसस तसाच वाचायचा. तिसऱ्याला तू अडलास कारण त्याच्या अंगावरची वाट एका ठिकाणी तुटलेली आहे, आणि ती जोडायची चावी मैदानात पडलेली आहे. वर बघणं थांबवून खाली बघायला लावणारा हा तिसराच पहिल्यांदा भेटतो.

कोकणकडा:
तुझ्या तिसऱ्या प्रश्नासाठी लॉगिन केलं खास. हो, झालं तसं, आणि मला वाटतं ज्याला होत नाही त्याने आवाज बंद करून खेळला असेल.

बघ, घोड्यावरून जाताना म्युझिक नसतंच. टापा, वारा, पाणी, कधी वर घिरट्या घालणारा ससाणा. त्यामुळे कान रिकामे झालेले असतात. कोलोसस समोर आला की वाद्यं सुरू होतात, आधी भीतीची, दबकी. तू त्याच्या अंगावर चढलास, पारडं तुझ्या बाजूला झुकलं की तेच संगीत एकदम चढतं, छाती फुगते, आपण काहीतरी पराक्रम करतोय असं वाटायला लागतं. आणि शेवटचा घाव बसल्याबरोबर ते तुटतं. पडताना त्याला पूर्ण पडू देतात, डोळ्यातला उजेड जाईपर्यंत, आणि त्यावर जे वाजतं ते शोकाचं. गेमचा संगीतकार को ओतानी, त्याने इथे जे केलंय ते फार धाडसी आहे, कारण इतका वेळ ज्याने तुला चढवलं त्याच संगीताने तुला उत्तर द्यायला उभं केलं. दुसरा एखादा गेम असता तर तिथे तुतारी वाजली असती आणि पॉइंट्स मिळाले असते. इथे काय मिळतं? काळे धागे येऊन अंगात घुसतात आणि माणूस कोसळतो.

मला आवडतं ते हे की गेम तुला दोष देत नाही. एक वाक्य नाही की तू वाईट केलंस. वाँडर मोनो नावाच्या मेलेल्या मुलीला घेऊन आलाय, तिला परत आणायचंय, तो देवळातल्या डॉर्मिन नावाच्या अदृश्य शक्तीचा आवाज, बाईचा आणि पुरुषाचा एकदम बोलतो तो, सुरुवातीलाच सांगतो की मोबदला जबर असेल, आणि वाँडर म्हणतो चालेल. हे प्रेम आहे यात शंका नाही. त्याच वेळी पहिला कोलोसस आपल्या वाटेने चालला होता, तुझा तिसरा तर झोपलेला होता, तू जाऊन उठवलास. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच वेळी तुझ्या हातात आहे, कारण तलवारीचं बटण तूच दाबतोस. सिनेमात हे दाखवता आलं असतं, पण तिथे मारणारा दुसरा असतो.

म्हणून रिकाम्या नकाशाबद्दल माझं मत चौकट_त्रिकोणच्या विरुद्ध आहे. वाटेत छोटे शत्रू असते, लूट असती, तर आपण मारायला सरावलो असतो. दर पन्नास पावलांवर तलवार चालवणाऱ्याला सोळाव्या राक्षसाचं काय वाटणार? इथे पूर्ण गेममध्ये तू सोळाच जीव घेणार आहेस (सरडे सोडून), आणि प्रत्येकाच्या आधी आणि नंतर विचार करायला लांबलचक रस्ता दिलाय. ती रपेट काढून टाकली तर दुःख उरणार नाही, फक्त बॉसची रांग उरेल.

पुढचं काही फोडत नाही. तीन गोष्टींकडे लक्ष ठेव एवढंच सांगतो. देवळात परत जागा होतोस तेव्हा वाँडरच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या सावल्या, मोनोच्या भोवती असलेली कबुतरं, आणि वाँडरचा चेहरा. दर वेळी बघ. कोणी काही सांगणार नाही, तुलाच दिसेल.

चौकट_त्रिकोण:
कोकणकडा, सरावण्याचा मुद्दा चांगला आहे, मान्य करतो. शत्रू नकोतच. पण करायला काही म्हणजे मारणंच असं कुठेय? जुने अवशेष, भिंतीवरची चित्रं, कोण राहायचं इथे, पूल कोणी बांधला एवढा लांब, याचा एखादा धागा हातात दिला असता तर मी त्या रपेटीत आणखी गुंतलो असतो. आत्ता आहे ते दुरून सुंदर दिसतं, जवळ गेलं की भिंत आणि भिंतच.

जुना_कंट्रोलर:
त्या रिकाम्या जागांची एक गोष्ट आहे. उएदाच्या डोक्यात सुरुवातीला ४८ कोलोसस होते, मग २४ झाले, शेवटी १६ वर आले. जितके धड करता येतील तितकेच ठेवले. पण प्रदेश तर मोठाच राहिला, त्यामुळे नकाशात अशा जागा आहेत ज्या बघून वाटतं इथे नक्की कोणीतरी असायला हवं होतं, मोठं गोल मैदान, कमानी, आणि रिकामं. यावरून जगभरच्या लोकांनी वर्षानुवर्षं सतरावा कोलोसस शोधला. काहीजण नकाशाचा इंच अन् इंच तपासायचे, डिस्कमधल्या फाइली उघडायचे, देवळाच्या भिंती चढून वरच्या बागेत जायचे. सतरावा मिळाला नाही, कारण तो नव्हताच, पण त्या शोधामुळे हा गेम इतकी वर्षं लोकांच्या तोंडी राहिला. २०१८ चा रीमेक केला ब्लूपॉइंट या स्टुडिओने, त्यांनी या शोधणाऱ्यांना मान म्हणून नकाशाभर ७९ चमकती नाणी लपवली. ती सगळी गोळा केलीस तर एक खास तलवार मिळते. रानवाटा, तुला साइड काम हवंच असेल तर एवढं एकच आहे, पण माझा सल्ला, पहिल्या फेरीत नाण्यांच्या मागे लागू नको.

मी हा गेम पहिल्यांदा पीएस२ वर बघितला तो आमच्या गल्लीतल्या गेमिंग पार्लरमध्ये. तिथे तासाचे पैसे घ्यायचे, पोरं क्रिकेट नाहीतर कुस्तीचे गेम लावायची, ही डिस्क मालकाने कुठूनतरी आणलेली पण कोणी लावायचं नाही. लावली तरी अर्धा तास घोड्यावरच जायचा आणि मागे रांगेतली पोरं ओरडायला लागायची की अरे मारामारी कधी आहे. हा गेम खेळायला आपलं घर आणि मोकळी संध्याकाळ पाहिजे.

रानवाटा:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

तिसरा झाला! चकती माझ्या पायाखालीच होती इतका वेळ आणि मला ती फरशीची नक्षी वाटत होती. कडं फुटलं तो आवाज ऐकून आईसुद्धा स्वयंपाकघरातून बघायला आली. वर चढल्यावर हाडं_आणि_सांधे ताईंनी सांगितलं तसं घाई न करता बघत बघत गेलो, कमरेपाशी थांबलो, तिथून खाली तळं दिसत होतं आणि क्षणभर विसरलोच की मी याला मारायला आलोय. डोक्यावरची खूण संपवली, मग पोटाशी गेलो, शेवटचा घाव मारायच्या आधी तलवार ताणून धरली आणि मला जाणवलं की मी वाट बघतोय. मारलं शेवटी, गेम पुढे जायचा तर मारावंच लागतं. कोकणकडा म्हणाले ते खरं आहे, बटण माझ्याच हातात होतं आणि आईने पुन्हा तेच विचारलं. या वेळी मी तिला मोनोची गोष्ट सांगितली. ती म्हणाली मग त्या पोरीला विचारलंस का तिला असं परत यायचंय का. यावर काय बोलणार.

चौकट_त्रिकोण, कॅमेरा स्वतः फिरवायची टिप फार कामाला आली. त्या कठड्याच्या उडीला मीपण बऱ्याचदा पाण्यात पडलो होतो, त्यामुळे तुझ्या त्या तक्रारीला माझं अनुमोदन.

चौथापण झाला, तो घोड्यासारखा दिसणारा, जमिनीखालच्या भुयारांचा वापर करायचा असतो तो, स्वतःहून जमला. आता पाचव्यापाशी आहे, तळ्यात बुडलेले अवशेष आणि लांब खांबावर बसलेला पक्षी. तो माझ्याकडे बघतसुद्धा नाही. पोहत जवळ गेलो तरी नाही. याला बोलवायचं कसं? आणि माझ्या बहिणीकडे साताऱ्याला पीएस३ आहे, तिला खेळायचाय, तिथे चालेल ना की फरक फार आहे?

हाडं_आणि_सांधे:
आईंना माझा नमस्कार सांग, त्यांनी विचारलेला प्रश्न तसाच धरून शेवटापर्यंत जा.

बहिणीला पीएस३ वर खुशाल खेळू दे. २०११ ला इको आणि हा असे दोन्ही एकत्र एका डिस्कवर आले होते, तेही ब्लूपॉइंटनेच केलेलं. तो मूळचाच गेम आहे, चित्र स्वच्छ आणि फ्रेमरेट पीएस२ पेक्षा खूप बरा. तुझा पीएस४ वाला मात्र सगळी चित्रं, झाडं, दगड, केस नव्याने करून बनवलेला. हालचाली आणि लढाया त्याच. काही जुन्या लोकांना नवीन आवृत्तीतली हिरवळ जास्त वाटते, जुन्यात सगळं धुक्यात आणि पांढऱ्या उन्हात विरलेलं असायचं आणि त्यातून कोलोसस हळूहळू दिसायचा, ते मलाही जास्त भिडतं. पण तुझा पाहून तू काही गमावलंस असं अजिबात नाही. तुझ्याकडे पीएस४ प्रो किंवा पीएस५ असेल तर सेटिंगमध्ये परफॉर्मन्स मोड लाव, सेकंदाला ६० फ्रेम मिळतात, अंगावर लटकलेलं असताना फरक जाणवतो. आणि बहिणीला आधी इको खेळायला सांग, त्याच डिस्कवर आहे. का ते शॅडो पूर्ण झाल्यावर तिच्या लक्षात येईल.

कोकणकडा:
पाचवा माझा सगळ्यात आवडता. तो तुझ्याकडे बघत नाही कारण त्याला तुझ्याशी काही घेणंदेणं नाही, आधी तूच त्याला छेडायचंस. पाण्याबाहेर आलेल्या एखाद्या सपाट चौथऱ्यावर चढ, कडेला नको, मध्ये उभा राहा. तिथून त्याला बाण मार. बाण लागला की तो उडतो, एक वळसा घेतो आणि थेट तुझ्यावर झेपावतो. आता पळायचं नाही, हीच अवघड गोष्ट आहे. धनुष्य खाली, तोंड त्याच्याकडे, आणि तो अगदी अंगावर आला की उडी मारून पकड. पंखावरचे केस हाताला लागतात. लवकर उडी मारलीस तर तो खालून जातो, उशीर केलास तर ढकलून पाण्यात पाडतो. पडलास तरी जीव जात नाही, पोहून परत चौथऱ्यावर ये आणि पुन्हा बाण मार.

वर गेलास की खुणा तीन आहेत, दोन्ही पंखांच्या टोकांना आणि एक शेपटीवर. तो जोरात उडत असताना वाऱ्याने तू मागे ढकलला जातोस, तेव्हा पळू नको, धरून राहा. तो सरळ, संथ तरंगायला लागला की पाठीवरून पळत दुसऱ्या पंखाकडे जा, पाठीवर पकड सोडून थोडा दम खायला मिळतो. मी शेपटी आधी करतो आणि मग पंख, कारण पंखाच्या टोकावरून हात सुटला की थेट पाणी. तो आडवा होऊन गिरकी घेणार असेल तर एक पंख आधी खाली झुकतो, तेवढी खूण पुरते धरायला.

चौकट_त्रिकोण:
आणि इथे कॅमेरा खरंच चांगला आहे, हे मी म्हणतोय. उडत असताना एकदा खाली तळ्याकडे फिरवून बघ.